हात वल्ह्यावर

पहाटेचे साडेतीन वाजले आहेत. स्वयंपाकघरातला दिवा लावून मी ओट्याशी उभी आहे, पण काय करायला आले होते ते आठवत नाही. नवरा आत झोपला आहे, किंवा झोपेचं सोंग घेऊन पडला आहे. सत्तावीस वर्षांच्या संसारानंतरही तेवढं मला अजून ओळखता येत नाही. आज अकरा वाजता त्याच्या बायोप्सीचा रिपोर्ट हातात येणार आहे.

दिवसा भीती चार माणसांत मिसळून बसते. फोन येतात, कुकरच्या शिट्ट्या होतात, कुणीतरी दारात भाजीची पिशवी ठेवून जातं. पहाटे मात्र ती एकटी येते आणि तिचे सगळे हिशोब तोंडपाठ असतात. विम्याची रक्कम केवढी, लेकीच्या कॉलेजची किती वर्षं उरलीत, सासूबाईंना कोण सांगणार. मी जपमाळ घेतली. पहिले तीन मणी ओठ प्रार्थना म्हणत होते. चौथ्या मण्याशी मी मनातल्या मनात डॉक्टरांशी वाद घालत होते. पुन्हा क्रूसापासून सुरुवात केली. या खेपेला देवाशी घासाघीस सुरू झाली, रिपोर्ट चांगला येऊ दे, मी अमुक करीन, तमुक सोडीन. शेवटी माळ ओट्यावर ठेवून दिली. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात इतकी वर्षं मुलांना ‘देवावर भरवसा ठेवा’ म्हणून सांगणारी बाई ती हीच.

त्या वर्गात आमचं एक ठरलेलं वाक्य होतं. ‘भिऊ नका’ हा निरोप बायबलमध्ये ३६५ वेळा आहे, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक. मुलांना ते फार आवडायचं. मलाही. एका मुलानं मे महिन्याच्या सुट्टीत खरोखरच मोजायला घेतलं आणि जूनमध्ये येऊन सांगितलं, “टीचर, एवढे भरत नाहीत.” खरंच भरत नाहीत. पण मोजता मोजता त्याला एक गोष्ट दिसली होती, जी मला कधी दिसली नव्हती. “ज्यांना ज्यांना हे सांगितलंय ना, ते सगळे आधीच घाबरलेले आहेत.” मी घरी जाऊन पुन्हा वाचलं. धूप जाळायला गेलेला जखऱ्या, नाझरेथची कोवळी मरिया, बेथलेहेमच्या रानात रात्र जागवणारे मेंढपाळ, रिकाम्या कबरीपाशी उभ्या राहिलेल्या बायका. पोरगा बरोबर बोलत होता. देवदूताचा हा निरोप ज्यांच्या वाट्याला आला, त्यांचे पाय लटपटत होते.

आमचं मूळ घर वसईच्या पाचूबंदरातलं. आजोबा तांडेल होते. बोटींना यंत्र बसायच्या आधीचे, शिडाच्या दिवसातले. पावसाळा सरून मासेमारी पुन्हा सुरू होताना फादर धक्क्यावर यायचे, पवित्र पाणी शिंपडून बोटींना आशीर्वाद द्यायचे. आजोबा टोपी काढून मान खाली घालून उभे राहायचे. मी तेव्हा सातआठ वर्षांची असेन. मी विचारलं होतं, “आजोबा, तुम्हाला वादळाची भीती वाटते?” ते म्हणाले, “वाटते तर. ज्याला दर्या ठाऊक नाही, तोच हसत जातो.”

सरोवरातल्या वादळाची गोष्ट वाचताना आजोबांचं हे बोलणं मला किल्लीसारखं उपयोगी पडलं. मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात ती आहे. दिवसभर शिकवून दमलेला येशू संध्याकाळी शिष्यांना म्हणतो, पलीकडे जाऊ या. गालील सरोवर म्हणजे आपल्यासारखा दर्या नव्हे. जेमतेम २१ किलोमीटर लांब आणि फार तर १३ किलोमीटर रुंद असं ते गोड्या पाण्याचं तळं. पण ते समुद्रसपाटीच्या दोनशेहून अधिक मीटर खाली, डोंगरांच्या मध्ये खोलगट भांड्यासारखं बसलेलं आहे. उंचावरचा गार वारा घळींतून एकदम खाली कोसळतो आणि शांत पाण्याला घटकाभरात उधाण येतं. पेत्र, अंद्रिया, याकोब, योहान हे चौघे त्याच पाण्यावर पोट भरणारे मच्छीमार होते. त्यांची भीती अडाण्याची नव्हती. कुठली लाट होडी भरते आणि भरलेली होडी किती वेळ तरते, हे ठाऊक असलेल्यांची ती भीती होती.

१९८६ साली दुष्काळामुळे या सरोवराचं पाणी मागे हटलं, तेव्हा काठच्या गाळात एक जुनी होडी सापडली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, म्हणजे येशूच्या काळाच्या आसपासची. सव्वाआठ मीटर लांब, सव्वादोन मीटरच्या जरा वर रुंद. तिच्यात दहाबारा जातींची लाकडं निघाली. मोडलं की जे हाताशी येईल ते जोडत कुणीतरी तिला वर्षानुवर्षं चालवत ठेवलं होतं. शिष्यांची होडी तीच, असं म्हणता येणार नाही. पण त्यांची साधारण अशीच असणार. तिचं छायाचित्र पाहिलं की डोळ्यांपुढे येतं, एवढ्याशा लाकडात तेराएक माणसं, आत पाणी भरतंय, आणि मागच्या बाजूला उशीवर डोकं टेकून येशू गाढ झोपला आहे. शुभवर्तमानांत येशू झोपल्याचं वर्णन या एकाच प्रसंगात येतं. तेही नेमकं अशा वेळी.

मग शिष्य त्याला उठवतात. मार्कनं त्यांच्या तोंडी घातलेले शब्द मऊ नाहीत. आम्ही मरतोय आणि तुला त्याचं काहीच नाही का, असा तो सरळ जाब आहे. मत्तयनं हीच गोष्ट सांगताना त्या जाबाची रीतसर प्रार्थना करून टाकली, वाचवण्यासाठी प्रभूला केलेली विनवणी. मला मार्कचं लिहिणं जास्त जवळचं वाटतं. बुडत्या होडीत कोण शब्द जुळवत बसणार? आणि येशू त्या जाब विचारण्याला उत्तर देतो. तो आधी वाऱ्याला गप्प करतो. शिष्यांच्या विश्वासाबद्दल दोन शब्द सुनावतो खरे, पण पाणी निवल्यावर. नीट विनवा, मग बघू, असं तो म्हणत नाही.

आज ओट्यावर ठेवून दिलेल्या माळेकडे बघताना मला याचाच आधार वाटतो आहे. आपल्याला वाटतं, भीती आधी बाजूला ठेवावी, मन शांत करावं, मग देवापुढे जावं. घर आवरून पाहुण्याला बोलवावं तसं. पण इथे तर पसारा तसाच टाकून, ओरडत, त्याच्या अंगाला हात लावून त्याला जागं केलेलं आहे. मघाशी मी डॉक्टरांशी भांडत होते. तेच भांडण योग्य दाराशी नेलं असतं तर तीही प्रार्थनाच झाली असती.

त्याच सरोवरावर आणखी एक रात्र आहे. त्या वेळी येशू होडीत नाही, काठावरच्या डोंगरावर एकटाच प्रार्थना करतो आहे. शिष्य उलट्या वाऱ्यात वल्ही मारून मेटाकुटीला आलेत. मार्क लिहितो की येशूनं त्यांचे हाल पाहिले. आणि तो आला कधी, तर रात्रीच्या चौथ्या प्रहरी. रोमी लोक आपल्यासारखेच रात्रीचे चार प्रहर करत. चौथा म्हणजे पहाटे तीन ते सहा. आत्ताचीच वेळ. मधल्या वेळेत काय, हे शुभवर्तमान सांगत नाही. आपण कुणाच्या तरी नजरेत आहोत हे न कळताच ते वल्ही मारत राहिले, एवढंच. त्याच पहाटे पाण्यावर पाऊल टाकून नंतर बुडू लागलेला पेत्र जी हाक मारतो, ती मूळ ग्रीकमध्ये तीन शब्दांची आहे. पन्नासहून जास्त मण्यांची माळ जिथे अडते, तिथे तीन शब्द पुरतात.

पण मला आज सांगायचं आहे ते याच्या पुढचं. तेही आजोबांचंच आहे.

एका रविवारी मिस्सामध्ये वादळाचं हे वाचन होतं. फादरांचा उपदेश चांगला झाला. विश्वास, शांती, प्रभूचं सामर्थ्य. परत येताना आजोबा वाटेत थांबले आणि म्हणाले, “फादरनी सगळं सांगितलं, वल्ह्याचं राहिलं.” मला कळेना. ते म्हणाले, “अगं, वारा पडला म्हणजे शीडही पडलं. मग पलीकडे पोचले कसे? उरलेली रात्र वल्हीच मारली असणार त्यांनी.”

शुभवर्तमानात हे लिहिलेलं नाही. तांडेलाला ते न लिहिताही कळलं. चमत्कार झाला, पाणी आरशासारखं झालं, आणि ओले, दमलेले, थरथरणारे बारा जण पुन्हा वल्ह्याला बसले. येशूनं वारा थांबवला, पण होडी उचलून पैलतीरावर ठेवली नाही. आणि पैलतीरी तरी काय होतं? मार्कचा पुढचा अध्याय उघडला की दिसतं. थडग्यांमध्ये राहणारा, साखळदंड तोडणारा, रात्रंदिवस ओरडणारा एक माणूस, ज्याच्या वाटेला गावात कुणी जात नव्हतं. एका भीतीतून सुटका झाली ती दुसऱ्या भीतीच्या दारात उतरण्यासाठी. त्या माणसापर्यंत पोचायचं होतं म्हणून तर संध्याकाळी होडी सुटली होती.

तेव्हापासून कुणाच्या प्रार्थनेला उत्तर मिळालं की नाही, हे मी त्याच्या हातांकडे बघून ओळखायला शिकले आहे. भीतीनं माणसाचे हात आखडतात. ते पुन्हा कामाला लागले की समजावं, ऐकलं गेलंय.

असंच एक स्वयंपाकघर अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, मॉन्टगोमेरी शहरात आहे. २७ जानेवारी १९५६ ची रात्र. मार्टिन ल्यूथर किंग यांचं वय तेव्हा २७ वर्षांचं, पदरी दोन महिन्यांची मुलगी. बसमधल्या वर्णभेदाविरुद्धचा बहिष्कार सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. रोज धमक्यांचे फोन येत होते. त्या रात्री उशिरा आलेल्या फोननंतर त्यांना झोप येईना. ते उठले, कॉफी केली आणि टेबलाशी बसले. या सगळ्यातून भ्याड न दिसता अंग कसं काढून घ्यावं, याचा विचार ते करत होते, हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे. कॉफी तशीच राहिली. डोकं हातांत धरून ते मोठ्यानं प्रार्थना करू लागले. मी थकलोय, माझ्यातलं बळ संपलंय, लोक माझ्याकडे बघताहेत आणि मी घाबरलोय, असा त्या प्रार्थनेचा आशय. कोणी तरी जवळ असल्याची इतकी स्पष्ट जाणीव त्यांना यापूर्वी झाली नव्हती. भीती ओसरू लागली.

धमक्या मात्र ओसरल्या नाहीत. तिसऱ्याच दिवशी त्यांच्या घराच्या ओसरीवर बॉम्ब फुटला. पत्नी आणि बाळ घरातच होती, सुदैवानं वाचली. सभेतून धावत आलेल्या किंगना दारात संतापलेला जमाव दिसला, अनेकांच्या हातांत शस्त्रं होती. त्याच फुटलेल्या ओसरीवर उभं राहून त्यांनी लोकांना शस्त्रं घरी न्यायला सांगितलं. टेबलाशी डोकं धरून बसलेले हात तीन दिवसांत जमावाला शांत करत होते. बहिष्कार ३८१ दिवस चालला आणि जिंकला. १९६८ मध्ये एका गोळीनं त्यांचा जीव घेतला. प्रार्थनेनं त्यांना अभय दिलं ते असं. गोळी न लागण्याची हमी त्यात नव्हती.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर केडगावला जावं. पंडिता रमाबाईंना दुष्काळ पुस्तकातून ठाऊक नव्हता. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात तीर्थयात्रा करत फिरणाऱ्या त्यांच्या कुटुंबाची अन्नान्न दशा झाली. वडील, आई आणि थोरली बहीण त्यांच्या डोळ्यांसमोर गेली. उरले ते रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. पुढे कलकत्ता, इंग्लंड, बाप्तिस्मा, अमेरिका, मुंबईत १८८९ साली शारदा सदन, मग पुणे. आणि १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतातून दुष्काळाच्या बातम्या येऊ लागल्या. भुकेचा चेहरा घरातच पाहिलेल्या बाईनं तिकडे न फिरकणं अगदी माणसासारखं झालं असतं. रमाबाई गेल्या. सुमारे तीनशे मुलीबायकांना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ होती, शहरात एवढ्या जणींना ठेवायला परवानगी मिळेना. तेव्हा केडगावला फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर तंबू ठोकले आणि त्यातून मुक्ती मिशन उभं राहिलं. प्रार्थना तर त्या रात्रंदिवस करत. पण त्यांच्या प्रार्थनेच्या खुणा शोधायच्या तर तंबूंचे खुंटे, विहिरी आणि तीनशे ताटं बघावीत.

कुणी म्हणेल, या मोठ्या माणसांच्या गोष्टी. आपल्याला जमतं का? मला गेथसेमनीची बाग आठवते. तिथे स्वतः येशूला धास्तीनं घेरलं आहे. हा प्याला टळू दे, अशी प्रार्थना तो करतो, उठतो, झोपलेल्या मित्रांपाशी येतो, पुन्हा जातो आणि तीच प्रार्थना करतो. तीन वेळा. मत्तय मुद्दाम नोंदवतो की शब्दही तेच होते. म्हणजे तीच विनवणी पुन्हा पुन्हा करणं विश्वास कच्चा असल्याचं लक्षण नव्हे. प्याला टळला नाही. तिसऱ्या वेळी उठल्यावर मात्र तो लपायला जात नाही. पकडायला येणाऱ्यांच्या दिशेनं आपण होऊन चालू लागतो.

सव्वाचार झाले. समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक खिडकी उजळली आहे. कोण असेल? पहिल्या लोकलनं मुंबईला भाजी किंवा फुलं घेऊन जाणारी असेल. परीक्षेचा अभ्यास करणारं पोर असेल. की माझ्यासारखंच कुणी? वादळाच्या त्या गोष्टीत मार्कनं जाता जाता एक ओळ टाकली आहे, जिच्यावर मी उपदेश कधी ऐकला नाही. येशूच्या होडीबरोबर आणखीही होड्या होत्या. त्यांच्याबद्दल पुढे एक अक्षर नाही. पण वादळ त्यांच्यावरही आलं असणार. आणि वारा पडला तेव्हा त्यांच्याभोवतीचं पाणीही निवलंच असणार. कुणाच्या ओरडण्यानं आपण वाचलो, हे त्या लोकांना कधी कळलं नसेल.

मी त्या खिडकीसाठी प्रार्थना केली. तीन शब्दांचीच. नाव ठाऊक नाही, अडचण ठाऊक नाही. आणि गंमत म्हणजे पहाटेपासून पहिल्यांदा प्रार्थना मध्ये कुठे तुटली नाही. स्वतःसाठी मागताना हिशोब आडवे येत होते, त्या खिडकीशी माझा काहीच हिशोब नव्हता.

मग लक्षात आलं, ओट्यावर रात्री भिजवून ठेवलेले हरभरे आहेत. त्यासाठीच तर मी उठले होते. अकराला पोचायचं तर जेवण आधी व्हायला हवं. रिपोर्ट काहीही आला तरी दुपारी भूक लागणारच. हरभरे उपसले, कुकर लावला, नारळ फोडला.

वारा अजून पडलेला नाही. पोटात खड्डा आहे तो आहेच. अकरा वाजता कागदावर काय असेल ते मला ठाऊक नाही, आणि देवानंही ते कानात सांगितलेलं नाही. पण हात चालताहेत.

दारात चाहूल लागली. नवरा उभा होता, अंगावर शाल.

“झोप नाही आली?”

“नाही. तुम्हाला?”

“मी जागाच होतो.”

म्हणजे सोंगच होतं. त्यानं ओट्यावरच्या माळेकडे पाहिलं, मग फोडलेल्या नारळाकडे. खाली बसत पाट ओढला आणि खवणीसाठी हात पुढे केला.

“दे इकडे. मी खवतो.”